कळंबचा न भाजलेला राब

प्रिय अनघा आणि रोहित,

अनघा, तुझं पत्र परवा पोचलं. वैशाखात मी कळंबहून पाठवलेलं कार्ड तू वर्गात वाचून दाखवलंस आणि तुझ्या बाईंनी ते भिंतीवर लावलं, हे वाचून आधी बरं वाटलं. मग कार्डावर मी काय लिहिलं होतं ते आठवलं. ‘हॉटेल फार सुंदर आहे. शेजारच्या शेतातून धूर यायचा होता, पण आजीने शेतकरीणबाईंशी बोलून तो थांबवला.’ कार्डावर जागा तेवढीच होती, असं म्हणता येईल. पण ते खरं कारण नाही.

तुझ्या वर्गातल्या मुलांना आता वाटत असेल की अनघाच्या आजीने काहीतरी चांगलं केलं. मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासले. माझ्याच निबंधातली चूक परदेशातल्या एका भिंतीवर लटकत राहिलेली मला चालणार नाही. म्हणून त्या चार दिवसांची, आणि दिवाळीनंतर मी पुन्हा गेले त्याची हकिकत क्रमाने लिहिते. अडलेले शब्द आईला विचारा. तिचं लहानपण कर्जतला गेलं आहे.

पहिला दिवस: समुद्राशिवाय समुद्रकिनारा

कर्जत तुम्ही नकाशावर शोधलंत तर मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये, घाटाच्या अगदी पायथ्याशी सापडेल. तुमचे आजोबा तिथे रेल्वेत होते. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं जोडतात, ते काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. अकरा वर्षं आम्ही तिथे राहिलो. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. आता नाव रायगड झालं आहे, पण माझ्या हातून पत्त्यावर अजून कुलाबाच लिहिलं जातं.

मला बोलावणारा अरविंद हा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या वडिलांची भाताची गिरणी होती. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून इंजिनं मोजायचा. पुढे तो बोटीवर स्वयंपाकघरात लागला, आणि तिथून कुठल्याशा बेटावर समुद्रकाठच्या एका लहान, फार महाग हॉटेलात बारा वर्षं राहिला. परत आला तो तेच हॉटेल डोक्यात घेऊन. कर्जतपासून तासाभरावर कळंब आहे. तिथे नदीकाठी त्याने जमीन घेतली आणि सात खोल्यांचं हॉटेल बांधलं. “बाई, पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही यायचंच,” असं त्याने लिहिलं. शिवाय लिहिलं, “इंग्रजीतली माहितीपत्रकं तुम्ही तपासून द्या.” मी गेले त्याचं निम्मं कारण हे दुसरं वाक्य होतं.

स्टेशनवर तो जीप घेऊन आला होता. पोट सुटलेलं, केस मागे चापून बसवलेले, पण पाया पडताना मात्र तोच शेवटच्या बाकावरचा मुलगा.

“बाई, डोळे मिटा आता,” फाटकाशी आल्यावर तो म्हणाला.

“माझं वय झालंय अरविंद. डोळे मिटून उतरले तर पडेन.”

उघड्या डोळ्यांनी पाहिलं तेही पुरेसं होतं. नदीच्या उतारावर पिवळी धमक वाळू पसरलेली. ती त्याने अलिबागकडून ट्रकने आणवली होती. वाळूत कोवळे नारळ, प्रत्येकाला बांबूचा टेकू. गवताने शाकारलेल्या मोठ्या छत्र्या, त्यांच्याखाली कापडी आरामखुर्च्या. झाडाला बांधलेले झोके. खोल्यांना शिंपल्यांची नावं. सगळं होतं, फक्त समुद्र नव्हता. त्या जागी वैशाखातली नदी होती, घोट्याइतक्या पाण्याची, आणि तिच्यात कुणाच्यातरी चार म्हशी बसल्या होत्या.

“म्हशींचं काय करणार?” मी विचारलं.

“त्या संध्याकाळी जातात,” अरविंद ओशाळून म्हणाला.

माझ्या खोलीतली न्हाणी बिनछपराची होती. बेटावर तशीच असते म्हणे. आकाशाखाली आंघोळ करायची. मी बादलीत तांब्या घालते तोच एक कावळा भिंतीवर बसला, मला नीट न्याहाळलं आणि माझा चंदनाचा साबण उचलून नेला. नंतरचे तीन दिवस मी छत्री उघडून आंघोळ केली. हे कार्डावर लिहायला हवं होतं.

रात्रीच्या जेवणाला पांढऱ्या सॉसमधला मासा होता. मुंबईहून बर्फात घालून आणलेला तो मासा तापातून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा दिसत होता. स्वयंपाकी रशीदभाई ताट न्यायला आले. उरलेल्याकडे बघून हळूच म्हणाले, “बाई, मागल्या दारी या. आमचं जेवण वेगळं शिजतं.”

मागे चुलीवर तांदळाची भाकरी फुगत होती. सोबत सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. रशीदभाईंचं घराणं मुरूडकडचं, पण दोन पिढ्या कर्जतला. मी पाटावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

“हे पाहुण्यांना का देत नाही?” मी अरविंदला विचारलं.

“बाई, हे खायला कोण एवढे पैसे देईल?” तो म्हणाला. त्याच्याकडे बारा वर्षांचा अनुभव होता. मी वाद घातला नाही.

दुसरा दिवस: धूर

सकाळी जाग आली ती खोकल्याने. पलीकडच्या एका शेतात राब पेटला होता.

राब म्हणजे काय, ते आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे भाताचं बी सरळ शेतात पेरत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात दाट रोपं वाढवतात, आणि पाऊस लागला की ती उपटून मोठ्या शेतात लावतात. तो लहान तुकडा उन्हाळ्यात भाजून घ्यायचा असतो. त्यावर शेणाचा थर, मग झाडांच्या छाटलेल्या फांद्या, मग गवत आणि पालापाचोळा, आणि वरून चाळल्यासारखी माती. हा ढीग म्हणजे राब. तो वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवतात, म्हणजे धुमसत धुमसत सावकाश जळतो. मातीतलं गवताचं बी मरतं आणि राख खाली राहते. त्या राखेत भात पेरलं की रोप निर्वेध वर येतं. थंडीपासून बायका फांद्या आणि शेण गोळा करत असतात. एका सकाळी ते सगळं जळतं, आणि गावभर तो जड, गोडसर धूर पसरतो. कर्जतला राहत होतो तेव्हा त्या वासावरून मला कळायचं की वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून संपायला हवेत.

हॉटेलात एक मुंबईचं जोडपं उतरलं होतं. त्या बाईंना दमा होता. नऊ वाजता त्यांची मोटार फाटकाबाहेर गेली.

अरविंद माझ्याशेजारी येऊन बसला. “हा धूर लांबचा आहे बाई. खरा प्रश्न तो आहे,” म्हणून त्याने बोट दाखवलं.

जेवणघराच्या व्हरांड्याला लागून तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एक राब रचून तयार होता. भाकरीसारखा गोल नव्हे, लांबट चौकोनी, कडा हाताने थापून सारख्या केलेल्या. इतका नीटनेटका की मला कौतुक वाटलं.

“सोमवारी परदेशातल्या एका प्रवासी कंपनीची माणसं येताहेत. पंधरा दिवस राहणार. त्यांना आवडलं तर दरवर्षी हिवाळाभर सातही खोल्या भरलेल्या राहतील. नाही आवडलं तर मी पुढचा उन्हाळा बघत नाही. आणि हिरामावशी रविवारी राब भाजणार. भाजल्यावर तीन-तीन दिवस धुमसतो तो.”

“तिला सांगून बघ.”

“मी सांगितलं. ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

हे मात्र खरं होतं. हिराबाईला मी ओळखत होते. तिची मुलगी सुनंदा माझी विद्यार्थिनी. सातवीनंतर सुनंदाचं लग्न ठरवत होते. मी तीन वेळा कळंबपर्यंत आले आणि हिराबाईला पटवलं की पोरीला शिकू दे. सुनंदा नर्स झाली. आता ती खालापूरच्या सरकारी दवाखान्यात होती. त्या वेळी हिराबाईचा दीर काळूराम माझ्यासमोर तिला म्हणाला होता, “बाईच्या नादी लागून घर बुडवशील.” घर बुडालं नाही. मी बरोबर ठरले होते.

दुपारी मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. हिराबाई राबाच्या कडेला उकिडवी बसून मातीचे खडे फोडत होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

“या बाई. हाटेलात उतरल्यात म्हनं. रेतीत बसायचं पैसं घेतात तिकडं?”

“मला फुकट आहे.”

“मंग बसा, मंग बसा,” ती हसली. “आमची म्हस पन फुकटच बसते.”

तिने मला बी दाखवलं. घरात, शेणाने लिंपलेल्या कणगीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. झिणी भात, बारीक दाण्याचं. तिच्या सासूने सासूकडून घेतलेलं. दरसाल कापणीच्या वेळी सगळ्यांत भरली लोंबी निवडून ती बाजूला काढायची. “याचा भात रांधला का चार घरं पल्याड कळतं. दुसरं बी आमी घरात आनलंच नाय.”

“हिराबाई,” मी म्हटलं, “राब पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का?”

ती हसायची थांबली. “आरविंदानं पाठिवलं व्हय? बाई, पंधरा दिसांनी आभाळाचा काय भरवसा? एक सर आली नि ढीग भिजला, का मंग पेटत नाय. धुपतो निस्ता.”

मी परत आले. विषय तिथेच सोडून दिला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तिसरा दिवस: पत्रक

तिसऱ्या दिवशी सकाळी अरविंदने एक छापील पत्रक माझ्यापुढे ठेवलं. शेतीवरच्या माहितीचं, मराठीत, स्वच्छ अक्षरात. राब न भाजता भाताची रोपं कशी तयार करावीत, यावर. पाच मुद्दे होते. मी ते दोनदा वाचलं आणि मला ते पटलं. झाडं छाटायची नकोत, शेण जाळायचं नको, धूर नको. छापलेल्या, क्रमांक दिलेल्या मजकुरावर माझा लगेच विश्वास बसतो. हा माझा जुना स्वभाव आहे.

रशीदभाई चहाचे कप आवरत होते. त्यांनी विचारलं, “हिराआक्काला वाचून दाखवनार का?”

“हो. का?”

“नाय, आपलं इचारलं. आमी तर समुद्राकडची मान्सं, भातातलं काय कळनार. पन माझी आई म्हनायची, वैशाखात धुरानं डोळ्यांतून पानी आलं तं भादव्यात येत नाय.”

मी ऐकलं आणि हसले. चांगली म्हण आहे, एवढंच तेव्हा मनात आलं.

हिराबाईच्या ओट्यावर आम्ही बसलो. ती, मी, आणि खांबाला टेकून अरविंद. मी चष्मा लावला आणि वर्गात वाचते तसं वाचायला लागले. पहिला मुद्दा, जमीन नांगरून वीतभर उंचीचे वाफे करावेत. दुसरा, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. तिसरा, बी मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे काढून टाकावेत.

“ह्ये बरं सांगतंय,” हिराबाई म्हणाली. “पन गवताचं काय? भाजलं नाय तं गवत येनार.”

चौथा मुद्दा माझ्या डोळ्यांसमोर होता. बी फेकून पेरू नये, ओळीत पेरावं, म्हणजे ओळीबाहेर उगवेल ते गवत ओळखता येतं. पाचवा त्याच्या खाली होता. जमीन न भाजल्यामुळे गवत जास्त येतं, म्हणून पहिल्या वीस दिवसांत किमान दोनदा खुरपणी अत्यावश्यक. ‘अत्यावश्यक’ जाड ठशात होतं.

मी वर पाहिलं. हिराबाईच्या चेहऱ्यावर ती तयार व्हायला आल्याचं दिसत होतं. अरविंद माझ्याकडे बघत होता. ती एकटी बाई, जन्मभर बी मुठीने फेकणारी. तिला ओळी आणि दोन खुरपण्या सांगितल्या असत्या तर ती नको म्हणाली असती. हे मला तेव्हाच कळलं. मी विसरले नव्हते, माझी नजर चुकली नव्हती, चष्माही बरोबर होता. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “थोडं काढावं लागेल गवत. बाकी नेहमीसारखंच.”

“छापलंय ना तसं?”

“छापलंय.”

तिने एकदा राबाकडे पाहिलं. मग अरविंदला म्हणाली, “तुझं नाय ऐकत रं मी, आरविंदा. बाईंचं ऐकते. येकदा ऐकलं तं पोरीचं भलं झालं.” आणि माझ्या हातातला कागद मागून घेतला. “ठेवते. सुनंदा आली का दाखवीन.”

चौथा दिवस: नारळांना खत

सकाळी अरविंदची चार माणसं टोपल्या घेऊन पलीकडे गेली आणि तो नीटनेटका राब मोडला. शेण, फांद्या, पाला, सगळं वाहून आणलं आणि नारळांच्या मुळाशी घातलं. हिराबाईनेच सांगितलं होतं, पडून वाया कशाला घालवायचं. ती कुंपणाशी उभी राहून म्हणत होती, “बुंध्यापासून हातभर लांब घाला रं. अंगावर घातलं तं कुजंल झाड.” थंडीपासूनचं तिचं गोळा केलेलं त्या वाळूत तासाभरात पसरलं गेलं.

मी छत्रीखाली आरामखुर्चीत बसले होते. हवा स्वच्छ होती. माथेरानचा डोंगर कड्यासकट दिसत होता. अरविंदने शहाळं आणून दिलं, बाजारातून आणलेलं, कारण त्याच्या नारळांना फळ यायला अजून पाच-सहा वर्षं होती. ते पीत पीत मी तुम्हाला कार्ड लिहिलं.

दिवाळीनंतर: खालापूर

त्या पावसाळ्यात कळंबहून मला एकही पत्र आलं नाही. अरविंदने दिवाळीचं छापील शुभेच्छापत्र पाठवलं, त्यावर हॉटेलचं चित्र होतं आणि चित्रात कुंपण नव्हतं. ते मी दोन दिवस टेबलावर ठेवून बघत होते. मग पिशवी भरली.

आधी खालापूरला गेले. सुनंदा दवाखान्यात होती. दुपारपर्यंत रुग्णांची रांग होती, आणि मी बाकावर बसून तिची वाट पाहिली. ती किती हुशारीने काम करते ते बघत होते. तिने मला पाहिलं होतं, पण एकदाही हसली नाही. रांग संपल्यावर हात धुऊन ती माझ्याशेजारी बसली.

“आईकडे जाणार आहात ना? ती तुम्हाला काही बोलणार नाही. म्हणून मी बोलते.”

मग तिने सांगितलं. हिराबाईने वाफे केले, खत घातलं, मिठाचं पाणीसुद्धा केलं. आणि नेहमीसारखं बी मुठीने फेकलं. आठ दिवसांत सगळं हिरवंगार झालं. भात कुठलं आणि गवत कुठलं, ते ओळखू येईना. कोवळेपणी दोन्हींची पाती सारखीच दिसतात. हिराबाई भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन दिवस दिवस एकेक काडी उपटत बसली. गवताबरोबर रोपंही उपटली गेली. उरली ती पिवळी, लेचीपेची. लावणीच्या वेळी शेताचा जेमतेम कोपरा भरला, आणि तोही गवताने खाल्ला. घरातलं सगळं बी तिने त्याच वाफ्यात टाकलं होतं. कणगीत मूठभरही राहिलं नाही. मग काळूराम म्हणायला लागला की हे शेत आता कशाला ठेवायचं, अरविंद मागतोच आहे. दसऱ्याला कागद झाले.

“मी आषाढात गेले तेव्हा आईने मला तो कागद दाखवला,” सुनंदा म्हणाली. “मी वाचला, पाचही मुद्दे. तिला काही बोलले नाही. काय बोलू? बाईंनी अर्धंच वाचलं म्हणून? तोवर वाफा हिरवा झाला होता.” ती आपल्या ओल्या हातांकडे बघत होती. “तुम्ही आम्हाला पेपरच्या आधी एकच सांगायचात. प्रश्न शेवटपर्यंत वाचा. आठवतं?”

“आठवतं,” मी म्हटलं.

“मला वाटलं तुमचं चुकून झालं असेल.”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. “चुकून नाही झालं सुनंदा,” मी म्हणाले. “मला दिसत होतं.”

ती उठली. माझ्यासाठी चहा सांगितला. आपल्यासाठी सांगितला नाही.

पुन्हा कळंब

हॉटेल मुक्कामासाठी ठीक होतं, पण मी तिथे उतरले नाही. पावसाळ्यात नदीला पूर आला तेव्हा अलिबागची सगळी वाळू वाहून गेली होती. खाली काळी माती आणि गोटे उघडे पडले होते. कुंपण नव्हतं. हिराबाईच्या शेतात मोठा खड्डा खणलेला होता, पोहण्याच्या तलावासाठी. समुद्राची उणीव त्याने भरून निघेल, असं अरविंद म्हणाला. परदेशी माणसं खूश होऊन गेली होती. नारळ मात्र दुप्पट वाढले होते. तो मला एकेक झाड दाखवत होता. “बघा बाई, कसा धरलाय जीव.” कशाने धरलाय ते त्यालाही माहीत होतं. एका झाडापाशी तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी हिरामावशीला चौकीदाराचं काम देऊ केलं. ती म्हणाली, स्वतःच्याच शेताची राखण किती साल करू?”

रशीदभाई मागल्या दारी उभे होते. त्यांनी मला सलाम केला आणि मला ती म्हण आठवली. त्यांनी काढली नाही.

हिराबाई घरी होती. तिने मला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं, तुमच्या आईची चौकशी केली, तुम्हा दोघांची नावं विचारली. मी बोलायला सुरुवात केली तसा तिने हात वर केला.

“थांबा.” ती आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात शेताचे जुने कागद होते, सुनंदाचं नर्सिंगचं प्रमाणपत्र होतं, आणि घडी घातलेलं ते पत्रक होतं. “ह्ये वाचा. समदं वाचा.”

मी चष्मा लावला. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. चौथ्याला मी थांबले. तिने तांब्या पुढे सरकवला. मी पाणी प्यायले आणि चौथा वाचला, मग पाचवा, जाड ठशातल्या शब्दासकट.

ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. “वळीत पेरायचं,” ती स्वतःशी म्हणाली. “व्हय. वळीत आसतं तं कळलं आसतं.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “त्या दिशी ह्ये वाचलं आसतं तं मी काय केलं आसतं, सांगा?”

“राब भाजला असता.”

“भाजला आसता.” तिने मान हलवली. “म्हनूनच नाय वाचलं तुमी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब जुळल्यासारखं ती म्हणाली. मी क्षमा मागितली. ती “आसू द्या” म्हणाली नाही, आणि ते मला योग्य वाटलं. जरा वेळाने ती म्हणाली, “सुनंदाच्या वक्ताला मात्र तुमी समदं सांगितलं होतं. शिकली का लांब जाईल, सासरी जाच होईल, समदं. मी रडले होते तवा. तरी ऐकलं.”

निघताना तिने मला घरामागे नेलं. परसात अर्ध्या गुंठ्याचा तुकडा होता, एका मोठ्या खोलीएवढा. तिथे तिने कोपऱ्यात शेण साठवायला सुरुवात केली होती आणि वर चार फांद्या टाकल्या होत्या.

“शेत नाही, मग राब कशाला?” मी विचारलं.

“बी पायजे ना,” ती म्हणाली. जणू मी फार ढ प्रश्न विचारला होता.

पळसदरीला तिची धाकटी बहीण दिलेली आहे. तिच्या लग्नात हिराबाईने ओटीत नारळाबरोबर झिणी भाताचं बी घातलं होतं, अदमासे पायलीभर. बहिणीकडे ते अजून पेरतात. हिराबाई मकरसंक्रांतीला तिकडे जाऊन त्यातलं मागून आणणार आहे.

अनघा, बाईंना सांगून ते कार्ड भिंतीवरून काढ. त्याऐवजी काही लावायचं झालं तर खालच्या ओळी लाव. त्यात मी काही गाळलेलं नाही.

कळंबचं शेत राहिलेलं नाही. झिणी भात आहे. पळसदरीला, धरणाच्या खालच्या अंगाला, हिराबाईच्या बहिणीच्या चार गुंठ्यांत ते या साली पिकलं, आणि तिथे राब भाजतात.

तुमची
आजी